काशीची मुक्की आणि देवधरांचे नारायणगुरू

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर प्रथम मोहम्मद अली उभा राहतो. १९७४ साली किन्शासा येथे त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत लोळवले, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी टेलिव्हिजन नव्हता. रेडिओवरची बातमी आणि वर्तमानपत्रातला धूसर फोटो एवढ्यावरच आपण त्याचे भक्त झालो. हाच अली जानेवारी १९८० मध्ये दिल्लीला आला आणि आपल्या सैन्यातील कौरसिंग या हेवीवेट मुष्टियोद्ध्याशी प्रदर्शनी लढत खेळला. कौरसिंगांनी पुढे १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. त्यांच्याआधी हवासिंग यांनी १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन एशियाडमध्ये त्याच गटाचे सुवर्णपदक आणले होते. दोघेही फौजेतले, दोघेही उत्तरेकडचे.

मग आपल्यापैकी कोणी तरी हमखास विचारतो, "या मुठीच्या खेळात आपला मराठी माणूस कुठे?" कुस्ती म्हटले की खाशाबा जाधवांचे नाव घेता येते. ठोशाबुक्क्यांच्या खेळात मात्र आपण गप्प बसतो. वाचकहो, गप्प बसायचे कारण नाही. उत्तर कोल्हापुरात किंवा पुण्यात शोधायला जाऊ नका. ते आपल्या या काशीतच आहे, आणि तेही आपल्या मराठी मंडळींच्या जुन्या वस्तीत.

घाटावरचे महाराष्ट्र

आपण बरेचसे लोक नोकरीनिमित्त इथे आलो. कोणी विद्यापीठात, कोणी बँकेत, तर माझ्यासारखे काही जण डिझेल रेल इंजिन कारखान्यात, ज्याचे नाव २०२० मध्ये बदलून बनारस रेल इंजिन कारखाना झाले. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या आपल्याला वाटते की काशीतले मराठीपण म्हणजे आपला गणेशोत्सव आणि संक्रांतीचे हळदीकुंकू. पण पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत शिरले की लक्षात येते की आपण अगदी अलीकडचे पाहुणे आहोत.

दुर्गाघाट व ब्रह्माघाट पक्के बांधण्याचे श्रेय पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्याकडे जाते. हे काम १७४० च्या सुमाराचे. त्याच्याही आधीपासून भट्ट घराण्यासारखी विद्वान मराठी घराणी इथे नांदत होती. शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडावर गेलेले गागाभट्ट याच काशीचे. पुढे अहिल्याबाई होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले यांनी घाट व देवळे बांधली. एकोणिसाव्या शतकात गणिती बापूदेवशास्त्री, विसाव्या शतकात 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर, अशी मोठी परंपरा इथे झाली.

ही सगळी नावे बुद्धीची. आपण ती अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवीत. परंतु त्यामुळे एक गैरसमज होतो की काशीचा मराठी माणूस म्हणजे पंचांग, पोथी आणि शास्त्रार्थ. ज्या नागपंचमीला नागकूपावर पंडितांचे शास्त्रार्थ रंगत, त्याच नागपंचमीला बनारसच्या आखाड्यांत लाल माती उकरली जाई, जोडी-गदा फिरवल्या जात, नाल उचलले जात. सकाळी अंगाला माती आणि दुपारी तोंडात व्याकरण, यात त्या काळच्या लोकांना काही विसंगत वाटत नव्हते.

बाळंभटदादांचा वारसा

मुठीची गोष्ट सांगण्यापूर्वी खांबाची सांगावी लागेल. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या दरबारातील अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले, अशी कथा आहे. समोर यायला कोणी धजेना. तेव्हा बाळंभटदादा देवधर हा तरुण पुढे झाला. त्याने तयारीसाठी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन उपासना केली, आणि झाडावर झेपावणाऱ्या वानरांच्या हालचालींवरून त्याला खांबावरच्या उड्या, तेढी आणि पकडी सुचल्या. परत येऊन त्याने अलीला चीत केले. गुलाबने लढण्याचे नाव घेतले नाही.

कथेतला दैवी भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मल्लखांबाचे उल्लेख बाळंभटदादांच्या पुष्कळ आधीचे आहेत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथातही मल्लविद्येचे वर्णन येते. म्हणून दादांना मल्लखांबाचे जनक न म्हणता पुनरुज्जीवक म्हणणे अधिक योग्य. पण विस्कळीत विद्येला शिस्त लावून ती शिकवण्याजोगी करणे हे काम लहान नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला आले आणि त्यांच्यामागे भिक्षुक, शास्त्री, कारकून, स्वयंपाकी, गवई, मल्ल असा सारा परिवार गंगेकाठी आला. राज्य गेले, पण माणसांबरोबर विद्या आली. बाळंभटदादा त्यांपैकीच. त्यांच्यामुळे आणि कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांमुळे मल्लखांब काशीत रुजला. कोंडभटनाना मूळचे अतिशय स्थूल होते आणि दादांच्या हाताखाली त्यांचे अंग असे काही वळले की पाहणाऱ्याने थक्क व्हावे, असे आखाड्यांत सांगत. मी कारखान्यातला माणूस, म्हणून मला या विद्येचे एक वैशिष्ट्य फार भावते. कुस्तीला जोडीदार लागतो, मल्लखांबाला नुसता एक खांब पुरतो. थोड्या वेळात, थोड्या जागेत, मनगटापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळे शरीर कामाला लागते. काशीच्या दाटीवाटीच्या वाड्यांना याहून सोयीचा व्यायाम कोणता?

मुक्की म्हणजे काय?

आता मूळ विषयाकडे येतो. बनारसमध्ये मुष्टियुद्धाला 'मुक्की' म्हणत. हिला सुमारे तीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाई आणि वर्षातून एकदा तिचा मोठा सामना भरे. दुर्गाघाटाची मुक्की तर शहरात विशेष प्रसिद्ध होती. म्हणजे ज्या घाटाला मराठी गुरूने पायऱ्या बांधल्या, त्याच घाटाने हे ठोसे पाहिले.

मुष्टियुद्ध आपल्याला परके नाही. कंसाच्या दरबारात चाणूराबरोबर जो दुसरा मल्ल होता, त्याचे नावच मुष्टिक. म्हैसूर आणि बडोद्याकडे जेठी मल्लांची 'वज्रमुष्टी' प्रसिद्ध होती. तिच्यात मुठीवर शिंगाचे दातेरी आयुध चढवत, आणि म्हैसूरच्या दसऱ्यात तिचे दर्शन आजही घडते. बनारसच्या मुक्कीत मात्र आयुध नव्हते. कातडी हातमोजे तर नव्हतेच. उघडी मूठ, एवढेच भांडवल.

मुक्कीचे दोन प्रकार होते. एक एकेकट्याची लढत आणि दुसरी गटांची. गटांच्या लढतीत एका गल्लीची पोरे दुसऱ्या गल्लीच्या पोरांना भिडत. नियम फार थोडे. जांघेत मारायचे नाही, बाकी शरीरावर कुठेही ठोसा चाले. वजनाचे गट नाहीत, तराजू नाही, फेऱ्यांची घंटा नाही. आज व्यावसायिक मुष्टियुद्धात २०० पौंडांवरील, म्हणजे सुमारे ९१ किलोंवरील गड्याला हेवीवेट म्हणतात. मुक्कीत हलका आणि जड असा भेदच नव्हता. समोर जो आला तो आपला.

उघड्या मुठीने मारणे दिसते तितके सोपे नाही. माणसाच्या पंजातली हाडे नाजूक, कवटीचे हाड कठीण. जोराने डोक्यावर ठोसा मारला तर मोडतो तो मारणाऱ्याचा हात. म्हणून मुक्कीचे गडी दगडावर मुठी आपटून त्या टणक करत. हातमोज्यांविषयीही आपली समजूत उलटी असते. मोज्यांनी रक्त कमी दिसते, पण ते मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताचे रक्षण करतात. हात सुरक्षित झाला की डोक्यावर ठोसे बेधडक बसू लागतात, आणि त्याची किंमत मेंदूला मोजावी लागते. मोहम्मद अलीला १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले आणि २०१६ मध्ये तो गेला, तोवरची त्याची अवस्था आपण सर्वांनी पाहिली आहे.

नारायणगुरू

विसाव्या शतकाच्या आरंभी बनारसच्या मुक्कीत जे नाव आदराने आणि धाकाने घेतले जाई, ते होते नारायणगुरू बाळंभट देवधर. देवधर हे आडनाव आणि बाळंभट हे मधले नाव वाचल्यावर मल्लखांबाच्या त्या परंपरेशी असलेले नाते वेगळे सांगायला नको. एकाच वेळी बारा-बारा जणांशी लढून ते सुखरूप बाहेर पडत, अशी त्यांची ख्याती व्यायामविषयक इंग्रजी ग्रंथांपर्यंत पोहोचली आणि जगभरच्या युद्धकलांचे अभ्यासक भारतीय मुष्टियुद्धाचा विषय निघाला की आजही त्यांचे नाव घेतात.

बारा माणसांची गोष्ट खरी मानावी का? आपल्याकडे पराक्रमाला पदरचे चार आकडे जोडायची सवय आहे, तेव्हा शंका घेणे गैर नाही. मी स्वतः ती घेतली आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून हिंडताना त्यावर विचारही केला. माझे मत असे झाले की गोष्ट अशक्य कोटीतली नाही. या गल्ल्यांत दोन माणसे शेजारी शेजारी चालली तरी खांद्याला खांदा लागतो. अशा जागी बारा जण चालून आले तरी प्रत्यक्ष हात पोहोचणार एका वेळी दोघांचाच. उरलेले दहा मागून नुसते ढकलणार. पाठ भिंतीला लावून, श्वास राखून, पहिल्या दोघांना नेमके फटके देणारा माणूस त्या गर्दीला आवरू शकतो. अर्थात त्यासाठी पाय जमिनीत रोवलेले हवेत, खांदा आणि मनगट न थकणारे हवे, आणि तोल कधीही जाता कामा नये. ही तिन्ही लक्षणे मल्लखांबावर घडणाऱ्या शरीराची आहेत. खांबाला मांडीची अढी घालून लोंबकळणाऱ्या माणसाला तोलाविषयी वेगळे शिकवावे लागत नाही.

त्यांच्या नावापुढची 'गुरू' ही उपाधी मला त्या बारा जणांपेक्षाही मोलाची वाटते. बनारसमध्ये नुसत्या दांडगटाला कोणी गुरू म्हणत नाही. त्याला दुसरा शब्द आहे आणि तो इथे छापण्यासारखा नाही. गुरू तोच, जो आपली विद्या दुसऱ्याच्या अंगात उतरवतो.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे

तुलनेसाठी थोडे अमेरिकेत जाऊ. तिथेही एकोणिसाव्या शतकात उघड्या मुठीनेच लढत. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यात हेवीवेट विजेता जॉन एल. सलिव्हन आणि जेक किल्रेन यांच्यात उघड्या मुठीची शेवटची मोठी अजिंक्यपदाची लढत झाली. भर उन्हात ७५ फेऱ्या, दोन तासांहून अधिक वेळ; दोन्ही बाजूंनी दहा-दहा हजार डॉलर लावलेले. अशी लढत बेकायदेशीर असल्याने जागा शेवटपर्यंत गुप्त ठेवली होती आणि प्रेक्षकांना रेल्वेगाडीने नेले होते. तीन वर्षांनी, ७ सप्टेंबर १८९२ रोजी, न्यू ऑर्लिन्सला सलिव्हन हातमोजे घालून उतरला आणि जेम्स कॉर्बेटने त्याला एकविसाव्या फेरीत पाडले. इंग्लंडमध्ये १८६७ साली प्रसिद्ध झालेले क्वीन्सबेरी नियम तेव्हापासून हेवीवेट गटात कायमचे स्थिरावले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडल्यावर दहा अंकांची मोजणी, हातमोजे सक्तीचे.

दोन्हीकडे सुरुवात सारखीच होती. उघडी मूठ, बेफाम गर्दी आणि मागे पोलीस. तिकडे त्या दांडगाईला नियम मिळाले, घड्याळ मिळाले, तिकीटखिडकी मिळाली आणि पंच मिळाला. नियम आल्यावर नोंदवही आली. म्हणून सलिव्हन कोणाशी, किती फेऱ्या, किती पैशांसाठी लढला हे आपण काशीत बसून तारीखवार सांगू शकतो. इकडे मुक्कीला मिळाली ती बंदी. गल्लीविरुद्ध गल्ली लढताना डोकी फुटू लागली, खेळाचे रूपांतर दंग्यात होऊ लागले, आणि इंग्रज सरकारने गटांच्या मुक्कीवर बंदी आणली. एकेकट्याच्या लढती त्यानंतरही काही काळ होत राहिल्या, पण ज्या गर्दीवर हा खेळ पोसला होता ती गर्दीच गेल्यावर तो टिकणे कठीण होते.

बंदीला सरसकट दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या घरचा मुलगा फुटक्या डोक्याने परत येई, त्या घरच्या आईला ती बंदी देवाने पाठवल्यासारखीच वाटली असेल. पण सरकारच्या डोळ्यांत आखाडे दुसऱ्या कारणानेही खुपत होते, हेही लक्षात ठेवायला हवे. संस्कृत शिकण्यासाठी खेडहून काशीला आलेला आणि तालमीचा शौक असलेला एक मराठी तरुण इथेच क्रांतिकारकांना मिळाला. त्याचे नाव शिवराम हरी राजगुरू. अंग कमावणारी पोरे उद्या काय करतील याचा भरवसा सरकारला कसा वाटावा?

मला राहून राहून वाटते ते एवढेच की बंदीऐवजी कोणी मुक्कीला नियम द्यायला हवे होते. हे काम दुसरीकडे झालेले आहे. मुंबईत १९२५ साली देशातली पहिली हौशी मुष्टियुद्ध संघटना स्थापन झाली, ती क्वीन्सबेरीच्या धर्तीवर. बनारसच्या मुक्कीला असा वाली भेटला नाही. त्यामुळे मुंबईच्या रिंगणात मुष्टियुद्ध 'विलायती खेळ' म्हणून रुजत असताना त्याची देशी बहीण आपल्याच घाटावर पोरकी होत होती.

खांब तरला, मूठ गेली

एकाच परंपरेतल्या दोन विद्यांचे नशीब किती निराळे असावे पाहा. मल्लखांबाला शिस्त होती, गुरुपरंपरा होती, पुढे संस्थाही मिळाल्या. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार करून दाखवले. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांबाला स्थान मिळाले आणि २०२३ चा द्रोणाचार्य पुरस्कार गणेश देवरुखकर यांना मल्लखांबासाठी मिळाला. पेशवाई बुडाल्यावर गंगाकाठी आलेली विद्या दोनशे वर्षांनी पदकांच्या यादीत गेली. मुक्कीसाठी यांपैकी काहीही झाले नाही.

व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची कारकीर्द आपण तीन गोष्टींनी मोजतो. किती लढती, किती विजय, किती पैसा. नारायणगुरूंना या मापाने मोजता येणार नाही. त्यांना पट्टा नव्हता, मानधन नव्हते, पराभवाचा आणि विजयाचा तक्ता ठेवणारा कारकून नव्हता. त्यांची सारी कमाई म्हणजे लोकांच्या तोंडी राहिलेले नाव. पण ज्या शहरात दर दहा पावलांवर एक पंडित आणि दर वीस पावलांवर एक पहिलवान, त्या शहरात परप्रांतातून आलेल्या घराण्यातील माणसाचे नाव मुठीच्या जोरावर राहावे, ही कमाई लहान नव्हे.

आपल्या मंडळाच्या सभासदांना म्हणूनच दोन विनंत्या करतो. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा भागात पाच-सहा पिढ्या राहिलेली मराठी घराणी अजून आहेत. आपल्यापैकी अनेकांचे तिथे जाणे-येणे आहे, कोणाकोणाच्या सोयरिकी जुळल्या आहेत. पुढच्या वेळी गेलात की फक्त चहा पिऊन परत येऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना आखाड्याच्या, मुक्कीच्या, वस्तादांच्या गोष्टी विचारा आणि त्या उतरवून घ्या. मोबाइल सगळ्यांच्याच खिशात आहे. त्यावर आवाज नोंदवणे आपल्या नातवंडांना आपल्यापेक्षा चांगले जमते. घरात जुना फोटो असेल तर त्यामागे नावे लिहून घ्या. पंडितांचे ग्रंथ छापले गेले, पहिलवानांचे कोणी काही छापले नाही. ते काम एखाद्या स्मरणिकेने केले तर तिचे नाव सार्थ होईल.

दुसरी विनंती सांस्कृतिक समितीला. उत्सवाच्या दहा दिवसांत गायन होते, एकांकिका होते, मुलांची चित्रकला स्पर्धा होते. त्यांतली एक संध्याकाळ मल्लखांबाला द्यावी. मंडपाच्या बाजूला खांब रोवायला फार जागा लागत नाही. आपल्या मुलांना ज्या शहरात वाढायचे आहे, त्या शहराला आपल्या माणसांनी पोथीइतकीच ताकदही दिली, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. गणपती ही जशी विद्येची देवता, तशीच ती गणांची, म्हणजे दांडग्या फौजेचीही नायक आहे. तेव्हा आरतीनंतर पोरांनी चार जोर काढले तर बाप्पाही प्रसन्नच होईल.

गणपती बाप्पा मोरया!